तुझं लॉन

आब्राम, तुझं लॉन मी काढून टाकलं.
रागावू नकोस. आधीच मेलं होतं ते,
मी फक्त तोंडावरून पांघरूण ओढलं.

पाचवं वर्ष कोरडं. धरणाच्या तळाशी
कुणाची तरी मोटार सापडली, नंबरप्लेटसकट.
नगरपालिकेचा टँकर मंगळवारी आणि शुक्रवारी,
माणशी पंचवीस लिटर,
आणि माणसं म्हणजे मी एकटी.
तुझ्या मोवरला गिऱ्हाईक मिळेना.
या कारूत गवत कापायचं यंत्र
म्हणजे टकल्याच्या घरी कंगवा.

कूपमनबाईंनी कुंपणावरून मूठभर काड्या दिल्या.
फेखीच्या. तीच रे, शाळेमागच्या मुरमात वाढणारी,
जिची बोंडं आपण अंजिराची पिल्लं समजून चावायचो
आणि थुंकायचो.
पानं कसली, भिजून फुगलेले तांदूळ.

पहिली खेप मी मारली.
मायेनं. रोज भांडी धुतलेलं पाणी घालून.
आठवड्यात मुळाशी काळी, लिबलिबीत.
कूपमनबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या,
तोडलीस की दोन दिवस सावलीत ठेव,
जखम सुकू दे.
मग खडीत खोच आणि विसरून जा.

विसर म्हटलं की मला हटकून आठवतं,
हे तुला सांगायला नको.
म्हणून रोज सकाळी जाऊन उभी राहायचे
रिकाम्या हातांनी.
पाणी न घालणं हेही कामच असतं, आब्राम.
शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं
चारशे पोरांना वाढलेल्या या हातांना
ते शिकायला एक अख्खा हिवाळा गेला.

पहिल्या वर्षी वीतभर.
दुसऱ्या वर्षी नळाच्या खांबाला वळसा,
मग पायरीच्या भेगेतून थेट तुझ्या बाकाखाली.
घरात धूळ यायची थांबली, ते मला
दोन महिन्यांनी कळलं, फडकं स्वच्छच राहिलं तेव्हा.
आणि सप्टेंबरात रंग.
जांभळा म्हणू की गुलाबी?
डोळे मिटले तरी पापणीच्या आत उरणारा.
फोटो पाहून लिझेल विचारते,
'मा, फोनमध्ये रंग वाढवलास ना?'

वेळ मात्र पोस्ट ऑफिससारखी:
दहाला उघडणार, चारला बंद.
ऊन नसेल त्या दिवशी रजा.

लिझेल आली, साडेचारशे किलोमीटर गाडी हाकत,
आणि नेमके त्याच दिवशी ढग.
सगळी फुलं मिटलेली, जणू आपापसात ठरवून.
'हे दाखवायला बोलावलंस?' ती म्हणाली,
आणि थेंब पडायला लागले.
गल्लीतली सगळी माणसं घमेली घेऊन बाहेर,
म्हातारा फॉर्चेन तर शेव्हिंगचा मग घेऊन.
अकरा मिनिटं. मी घड्याळ लावून मोजली.

मग मी तिला गुडघ्यांवर बसवलं,
शहरातली पँट असूनसुद्धा.
फुलांकडे नको, गेल्या वर्षीच्या बोंडांकडे बघ.
ती लाकडासारखी करडी, मेलेली बोंडं
थेंब लागताच एकेक पाकळी मागे टाकत
उघडत होती. आत चांदणी.
पुढचा थेंब चांदणीत पडला
आणि खसखशीसारखं बी
टप्पकन वीतभर दूर उडालं.
लिझेल काही बोलली नाही.
तिचा हात माझ्या पाठीवर कधी आला कळलं नाही.

संध्याकाळी वारा सुटला, बोंडं वाळली
आणि परत मिटली,
उरलेलं बी पोटाशी धरून.
सगळं एकाच पावसावर उधळायचं नसतं,
एवढी अक्कल कुणी दिली असेल त्यांना?

जाताना लिझेल म्हणाली, मोवर भंगारात देऊ,
आता तर खरंच गरज नाही.
देऊ, म्हटलं.
पण आब्राम, टाकीत अजून अर्धा लिटर
तुझ्या हातचं पेट्रोल आहे.
झाकण उघडून वास घेतला
आणि घट्ट लावून टाकलं.